मित्रमैत्रिणींबरोबर एकटे पाठवायचे का? बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी निर्णय घेण्याची पद्धत

सातवी-आठवीतले मूल ‘शनिवारी आम्ही सगळे दादरला जाणार आहोत’ असे जाहीर करते, तेव्हा त्याच्या लेखी तो एकच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते. पालकही बहुधा तसेच उत्तर देऊ पाहतात. एक जण ‘आम्ही या वयात सगळीकडे एकटेच जायचो’ असे म्हणतो, दुसरा कालच्या बातमीचा दाखला देतो, आणि निकाल अखेर ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. पुढच्या महिन्यात तीच मागणी पुन्हा आली की वादही पहिल्यापासून सुरू होतो, कारण मागच्या वेळी ‘का’ याचे उत्तर कोणी दिलेलेच नसते.

वयावरून हा निर्णय होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांची एखादी मुलगी बस बदलून क्लासला जाते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता सांगता येत नाही, हे आपण सगळेच पाहतो. ठरल्याप्रमाणे सगळे झाले तर कोणतेही मूल घरी सुखरूप येते. म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे, की ठरलेला बेत बिघडला तर हे मूल काय करील, आणि ते आपल्याला सांगेल का? पुढे दिलेल्या पायऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. त्या मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: मागणीचे तुकडे करा

मुलाला समोर बसवून, कागद घेऊन, त्या दिवसाचा बेत तासातासाने लिहून काढा. समजा, मुलुंडला राहणाऱ्या चार मुलांना दादरला जाऊन शिवाजी पार्क परिसरात फिरायचे आहे, काहीतरी खायचे आहे आणि संध्याकाळी परतायचे आहे. या एका बेतात निदान पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत: दुपारचा लोकलप्रवास, दादर स्थानकाचे पूल आणि तिथली गर्दी, बाजारातले फिरणे, खाणे आणि त्याचे पैसे, आणि शनिवारी संध्याकाळचा परतीचा प्रवास. शिवाय कागदावर न आलेली एक सहावी गोष्ट आहे. शिवाजी पार्कपासून चौपाटी चालत काही मिनिटांवर आहे, आणि चार मुले एवढ्या जवळ जाऊन समुद्राकडे फिरकणार नाहीत असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. मुलांनी ही गोष्ट मुद्दाम लपवलेली असते असे नाही. बरेचदा ती त्यांनाही जागेवर पोहोचल्यावरच सुचते.

आता प्रत्येक तुकड्यासमोर ‘हो’, ‘अटीवर’ किंवा ‘अजून नाही’ असे लिहा. वरच्या उदाहरणात दुपारी जाताना गाड्यांना तुलनेने कमी गर्दी असते, म्हणून ते ‘हो’ होऊ शकेल. बाजारात फिरणे ‘अटीवर’ आणि परतीचा गर्दीतला प्रवास ‘अजून नाही’ असे ठरू शकेल. अशा वेळी एका पालकाने पाच वाजता दादरला पोहोचून मुलांना सोबत आणले की बेत मोडत नाही, आणि ज्या तुकड्याची भीती होती तो तुकडाही एकट्याने पार पाडावा लागत नाही. मुलांनाही असा नकार पचवणे सोपे जाते, कारण तो पाचांपैकी एका गोष्टीपुरता असतो.

पायरी २: तयारी पारखून पाहा

परीक्षेतले गुण आणि आज्ञाधारकपणा यांवरून रस्त्यावरची तयारी कळत नाही. उलट, सांगितलेले सगळे निमूट ऐकणारे मूल अनोळखी मोठ्या माणसाचेही निमूट ऐकते, हे लक्षात ठेवायला हवे. तयारी पारखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आपण सोबत असताना पुढारीपण मुलाकडे देणे. पुढच्या वेळी सहकुटुंब कुठे जाताना तिकीट त्याने काढावे, फलाट त्याने शोधावा, गाडी त्याने निवडावी, आणि आपण चार पावले मागे राहून तोंड बंद ठेवावे. तोंड बंद ठेवणे हाच यातला अवघड भाग आहे.

दादरच्या पुलावर हे फार चांगले पाहता येते. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. मुलाने पाटी वाचून योग्य जिना उतरला, इंडिकेटरवर गाडी कुठपर्यंत जाणार, धीमी आहे की जलद आणि किती डब्यांची आहे हे पाहिले, आणि गाडी मुलुंडला थांबते का याची खात्री करून घेतली, तर त्याची निम्मी परीक्षा तिथेच झाली. उरलेली निम्मी चुकीच्या गाडीत होते. सगळ्याच जलद गाड्या मुलुंडला थांबत नाहीत. तशा गाडीत तो चढत असेल आणि आपल्याला ते दिसत असेल, तरी अडवू नका. मुलुंड मागे पडताना त्याचा चेहरा पाहा. तो घाबरून आपल्याकडे वळतो, सोबतच्या प्रवाशाला विचारतो, की ठाण्याला उतरून उलट दिशेची धीमी गाडी पकडायची हे स्वतःच म्हणतो, यावरून जे कळते ते घरात बसून विचारलेल्या शंभर प्रश्नांतून कळणार नाही. पुण्यात हीच परीक्षा मेट्रोच्या जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर घेता येईल, कारण तिथे एका मार्गिकेवरून दुसऱ्या मार्गिकेवर जावे लागते.

याशिवाय काही साध्या गोष्टी पडताळून पाहाव्यात. घरातल्या दोन मोठ्या माणसांचे मोबाइल क्रमांक मुलाला पाठ आहेत का? बहुतेक मुलांना एकही क्रमांक पाठ नसतो, कारण तो कधी हाताने फिरवावा लागलेलाच नसतो. सिग्नल नसलेला रस्ता ते फोन खिशात ठेवून ओलांडते का? दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर परत मागते का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, मित्रांसमोर ‘मी नाही येणार’ असे म्हणताना आपण त्याला कधी ऐकले आहे का? बारा वर्षे पूर्ण झाली की रेल्वेत अर्धे तिकीट चालत नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. अर्ध्या तिकिटावर पकडले गेल्याने बावरलेली मुले पुढच्या चुका करतात.

पायरी ३: काही जागा तयारीवर सोडू नका

वाचनालय, ओळखीचे मैदान, जवळची बाजारपेठ, नाट्यगृह, मॉलमधला सिनेमा या जागांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिथे फक्त येण्याजाण्याचा मार्ग आणि वेळ पाहावी. सिनेमाचे प्रमाणपत्र मात्र आधी बघावे. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ गटात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, त्यामुळे नुसते ‘यूए आहे’ हे उत्तर आता पुरेसे नाही.

पाणी आणि गड यांचे तसे नाही. मूल कितीही हुशार, पोहण्यात कितीही तरबेज असले, तरी पावसाळ्यातले धबधबे, धरणांचे सांडवे, नदीचे डोह आणि भरतीचा समुद्र या ठिकाणी या वयाच्या मुलांचा गट एकटा जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा मोठी माणसे सोबत होती. वर झालेल्या पावसाने पाण्याचा जोर किती वाढतो हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, आणि ते कळते तेव्हा पाय टिकत नाहीत. इथे मुलाच्या समजूतदारपणाने फरक पडत नाही, म्हणून वादही घालू नये. मुंबईत पावसाळ्यातील साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. दादर किंवा जुहूच्या बेताची तारीख ठरवताना ती यादी मुलांसोबत बसून पाहावी. गडांच्या बाबतीत अनुभवी मोठा माणूस गटात असणे ही किमान अट ठेवावी आणि निसरड्या वाटांच्या दिवसांत तीही पुरेशी मानू नये.

गणपतीच्या दिवसांतली गर्दी या दोन्हींच्या मधे येते. पुण्यात कसबा, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग आणि दगडूशेठ या भागांत संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते, आणि एवढी माणसे एका ठिकाणी आली की फोन खिशात असूनही लागत नाही. देखावे पाहायला गटाने जायचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, लवकर जावे, आणि चुकामूक झाली तर भेटायचे ठिकाण आधी ठरवावे. ‘दगडूशेठजवळ’ हे ठिकाण होत नाही. गर्दीच्या मुख्य रस्त्यापासून दूर असलेले, मुलांनी स्वतः पाहिलेले एखादे दुकान किंवा नातेवाइकाचे घर हे ठिकाण होते. विसर्जनाच्या मिरवणुकीला या वयात एकट्या गटाने जाऊ देऊ नये, असे मी सांगेन. तिथे गर्दीचा रेटा कोणत्या बाजूला नेईल हे मुलाच्या हातात राहत नाही.

पायरी ४: सोबत कोण आहे ते पाहा

‘एकटा नाही, आठ जण आहोत’ हे वाक्य पालकांना धीर देते, पण त्यात अर्धेच सत्य आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ ते १६ वर्षांची मुले, महाविद्यालयीन वयाचे तरुण आणि प्रौढ यांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. बरोबरीची मंडळी शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे एकेकटे नीट वागणारी मुले गटात तशीच वागतील असे धरून चालता येत नाही.

तीन किंवा चार जणांचा गट सर्वांत सोयीचा असतो. दोघांत एकाला बरे वाटेनासे झाले तर दुसरा अडकतो, आणि सहाच्या पुढे गटाची टोळी होते, कोण मागे राहिले हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक मुलाच्या घरी एक फोन करावा. अनेकदा चारही मुलांनी ‘बाकी तिघांच्या घरून परवानगी आहे’ असे सांगितलेले असते आणि प्रत्यक्षात एकाही घरी विचारलेले नसते.

गटात सोळा-सतरा वर्षांचा मोठा दादा आणि त्याची दुचाकी असेल तर उत्तर सरळ नाही असेच द्यावे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा असतो, आणि आपल्या रस्त्यांवरच्या नेहमीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत.

पायरी ५: वेळ, पैसे आणि फोन यांचे ठरवून घ्या

वेळा दोन द्याव्यात. एक घरी पोहोचण्याची अपेक्षित वेळ, आणि दुसरी अशी की त्यानंतरही निरोप नसेल तर आपण शोधायला निघू. साडेसहा आणि साडेसात, उदाहरणार्थ. दोन वेळा ठेवल्याने लोकल उशिरा आली म्हणून मूल रूळ ओलांडून पळत सुटत नाही, आणि आपणही सहा एकतीसला फोनचा भडिमार करत नाही.

निरोप ठरावीक टप्प्यांवर मागावा: गाडीत बसल्यावर, पोहोचल्यावर, निघताना. व्हॉट्सअॅपवर चालू ठिकाण पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास दाखवता येते. माझा कल प्रवासापुरते ते सुरू ठेवण्याकडे आहे, आणि तेही मुलाला सांगून. मुलाच्या नकळत फोनमध्ये पाळत ठेवणारे अॅप टाकले आणि ते उघडकीला आले, तर पुढच्या वेळी फोन मित्राच्या घरी राहील आणि मूल भलतीकडे.

पैशांपैकी काही नोटा रोख द्याव्यात आणि त्यांतली घरी परतण्याइतकी रक्कम वेगळ्या खिशात ठेवायला सांगावी. फोन बंद पडला की यूपीआयही बंद पडते. यूपीआय द्यायचेच असेल तर आपला स्वतःचा पिन मुलाला सांगण्यापेक्षा ‘यूपीआय सर्कल’ची सोय वापरावी, त्यात आपल्याच खात्यातून ठरावीक मर्यादेत किंवा प्रत्येक वेळी आपली मंजुरी घेऊन खर्च करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडून देण्याची मुभाही बँकांना आहे, पण त्याच्या अटी प्रत्येक बँक आपापल्या ठरवते.

पायरी ६: बेत बिघडल्याची तालीम करा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ घेते आणि बहुतेक घरांत हीच गाळली जाते. ‘काळजी घे’ असे सांगणे म्हणजे तालीम नव्हे. पुढील प्रसंग एकेक करून मुलाला विचारा, आणि उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला लावा.

तिघे गाडीत चढले आणि एक फलाटावर राहिला. मुंबईकरांची यावरची जुनी रीत अशी आहे, की गाडीतल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने त्याच स्थानकावर यायचे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शोधायला निघायचे नाही. गटात मुली असतील आणि त्या महिलांच्या डब्यात बसणार असतील, तर कोणत्या स्थानकावर, फलाटाच्या कोणत्या टोकाला भेटायचे हे चढण्यापूर्वीच ठरवावे लागते.

फोन हरवला किंवा बंद पडला. कोणाकडे मदत मागायची? ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ ही लहानपणची शिकवण या वयात अडचणीची ठरते. स्टेशन मास्तर, पोलीस, औषधाचे दुकान, लहान मुलांसोबत असलेले कुटुंब अशी माणसे मुलाने स्वतः निवडावीत. स्वतःहून मदत करायला पुढे आलेल्या माणसापेक्षा आपण निवडलेला माणूस बरा. आणीबाणीसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत.

गर्दीत कोणी नको तिथे हात लावला, किंवा पाठलाग करत आहे असे वाटले. मोठ्याने बोलणे, जागा बदलणे, पुढच्या स्थानकावर उतरणे यांतले काहीही केले तरी त्यावर घरी कोणी चिडणार नाही, हे मुलाला आधी माहीत असले पाहिजे. बेत अर्धवट सोडला आणि रिक्षाचे दोनशे रुपये गेले तरी चालतील, असे नेमक्या रकमेनिशी सांगावे. ‘पैशांची पर्वा करू नकोस’ यावर मुले विश्वास ठेवत नाहीत.

मित्र चौपाटीवर पाण्यात उतरत आहेत आणि नाही म्हणणे जमत नाही. यासाठी घरचा एक ठरलेला निरोप असावा; ‘आजीचे औषध घ्यायचे आहे का?’ असा संदेश आला की आपण ताबडतोब फोन करून मोठ्या आवाजात ‘आत्ताच्या आत्ता घरी ये’ म्हणायचे. मुलाला मित्रांसमोर आईवडिलांना दोष देता येतो आणि सुटका होते. त्या रात्री चौकशी करायची नाही. हे वचन एकदा जरी मोडले, तरी तो निरोप पुन्हा कधी येणार नाही.

पायरी ७: मुलगा आणि मुलगी यांचे निकष तपासून पाहा

एकाच घरात चौदा वर्षांच्या मुलाला काहीच विचारले जात नाही आणि त्याच वयाच्या बहिणीला कोपऱ्यावर जायलाही सोबत लागते. मुलींना रस्त्यावर जास्त त्रास होतो हे खरे आहे आणि वेळ व मार्ग निवडताना ते धरलेच पाहिजे. परंतु त्यातून मुलगा सुरक्षित आहे असा निष्कर्ष निघत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. ‘पॉक्सो’ हा २०१२ चा कायदाही अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. तेव्हा सहाव्या पायरीतली तालीम मुलग्यांकडूनही तितकीच करून घ्यावी, आणि मुलींच्या बाबतीत ‘नाही’ लिहिलेल्या तुकड्यासमोर कारण लिहावे. कारण लिहिता येत नसेल तर तो ‘नाही’ पुन्हा तपासावा.

पायरी ८: परत आल्यावर

स्वीडनमध्ये स्टाटिन आणि कर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पालकांना मुलांच्या बाहेरच्या वागण्याविषयी जे ठाऊक असते, त्याचा मोठा भाग मुलांनी आपण होऊन सांगितलेला असतो. चौकशी आणि नियंत्रण यांतून त्या मानाने थोडेच कळते. म्हणून दारातच उलटतपासणी सुरू करू नये. हातपाय धुऊन, खाणे झाल्यावर, ‘कुठे अडलं का रे काही?’ एवढे विचारावे आणि उत्तर लांबले तर मधे उपदेश घालू नये. चुकीची गाडी पकडली होती हे मूल हसत सांगत असेल, तर बेत चांगला पार पडला असे समजावे.

नंतर पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढावा. जे तुकडे नीट पार पडले त्यांच्यासमोर पुढच्या वेळी ‘हो’, आणि ‘अजून नाही’च्या तुकड्यांपैकी एक ‘अटीवर’. नियम मोडला असेल तर तेवढाच तुकडा मागे घ्यावा. निरोप द्यायला विसरला म्हणून महिनाभर मैदानही बंद करणे ही शिक्षा झाली. पुढचे दोन बेत निरोपाच्या जास्त टप्प्यांवर देणे हे त्या चुकीला धरून आहे. ठरवून खोटे बोलले गेले असेल, म्हणजे दादर सांगून लोणावळा गाठले असेल, तर मात्र सगळाच कागद काही काळ बाजूला ठेवावा आणि तो पुन्हा केव्हा काढायचा ती तारीख त्याच दिवशी सांगावी.

आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे एकमत होत नसेल तर मुलासमोर मतदान घेऊ नये. ज्याला जास्त भीती वाटते त्याने पुढच्या तालमीला मुलासोबत जावे आणि चार पावले मागून चालावे. आजोबांना पाठवले तर उत्तम. नातवाने बदललेल्या फलाटांचे क्रमांक त्यांना समजावून दिले, की पुढच्या शनिवारचा वाद बराच सौम्य होतो.